‘मला समजलं’ आणि ‘मी समजत होते’

क्रियापद एकच, ‘समजणे’. मग या दोन वाक्यांत एवढं अंतर का पडतं? गेल्या वर्षी दिवाळी अंकाच्या कामात हे अंतर महागात पडलं, तेव्हापासून डोक्यात घोळतंय. सोबतच्या मैत्रिणीला विचारलं, “शेवटच्या फॉर्म्याची प्रुफं?” ती म्हणाली, “बघते.” मी समजत होते, ती वाचणार. तिच्या मनात होतं, वेळ निघतो का ते बघते. त्या फॉर्म्याची (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याची) 16 पानं न तपासता छापली गेली. अजून चुटपुट लागते.

— ताई, ‘मला समजलं, तो आजारी आहे’ म्हटलं की तो आजारी असलाच पाहिजे. ‘मी समजत होते, तो आजारी आहे’ म्हटलं की ऐकणारा ‘पण’ची वाट बघतो. ‘मला’ असेल तिथे गोष्ट आपल्यापर्यंत येऊन पोचलेली असते; ‘मी’ असेल तिथे ती आपण मनाशी धरलेली असते. ‘कळणे’ घ्या. ‘मी कळलो’ म्हटलं तर अर्थच फिरतो, मी दुसऱ्या कुणाला तरी कळलो! ‘कळ’ असा हुकूमही कुणाला सोडता येत नाही. ‘समजून घे’ मात्र म्हणता येतं.

— आणि ‘समजलो, साहेब’? तिथे तर ‘मी’च आहे.

— ती नुसती पोच. खरंच समजलं का, ते काम हाती आल्यावर कळतं.

— नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, जुनं उदाहरण इथे चपखल बसतं. ‘सैंधव आण’. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवायला बसलेला माणूस मीठ मागतोय, प्रवासाला निघालेला घोडा. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय, त्याला ते ‘तात्पर्य’ म्हणतात. (आपण हा शब्द इसापनीतीच्या शेवटच्या ओळीपुरता ठेवलाय, याचं वाईट वाटतं.) सैंधवाचा उलगडा प्रसंगावरून होतो. तुमच्या ‘बघते’ला प्रसंग एकच होता, तरी दोन्ही अर्थ त्यात बसत होते. अशा वेळी अनुमान पुरत नाही. तिच्या मनातलं तिच्याच तोंडून ऐकायला हवं होतं.

— पटलं. यंदाची प्रुफं परवाच आली. ती “बघते” म्हणाल्यावर लगेच विचारलं, “म्हणजे वाचतेस ना?” क्षणभर थांबून म्हणाली, “सोमवारपर्यंत 8 पानं होतील माझ्याकडून. उरलेली तू घे.”