स्लो-बर्नमधला 'तोवरचा' माणूस: तुमच्या मनात कोण राहिलंय?

स्लो-बर्न म्हणजे जिथे शेवटी कोण कुणाचं होणार हे आपल्याला पहिल्या प्रकरणातच कळलेलं असतं आणि तरी आपण शेकडो पानं जीव मुठीत धरून वाचत राहतो, ती गोष्ट. त्या वाटेत मध्येच कुणीतरी येतं, चांगलं असतं, मनापासून प्रेम करतं आणि निघून जातं. काल रात्री मी एक लांबलचक वेबकथा संपवली. त्यातला नायिकेचा मधला मित्र बाविसाव्या प्रकरणात गेला तो गेलाच, नंतर कुणी त्याचं नावसुद्धा काढलं नाही, आणि मुख्य जोडी एकदाची एकत्र आली, ज्याची मी दोन आठवडे वाट बघत होते, तेव्हा मला मात्र त्याचीच आठवण येत होती. झोपच लागली नाही. तुमचं असं कुणी आहे का? वाचणाऱ्यांनी सांगा, लिहिणाऱ्यांनी तर नक्कीच सांगा. शेवट फोडणार असाल तर आधी तसं लिहा.

*

शेवट फोडतेय. माझा रॉय गार्डनर, 'अ‍ॅन ऑफ द आयलंड'मधला. पुस्तक 1915चं आहे, मी शाळेत असताना वाचलं. अ‍ॅनने तिच्या शाळेपासूनच्या मित्राला, गिल्बर्टला, नकार दिलेला असतो, आणि एका वाऱ्यापावसाच्या दिवशी तिची छत्री उलटी होते तेव्हा हा देखणा माणूस आपली छत्री पुढे करतो. लहानपणापासून तिने मनात रंगवलेला अगदी तस्साच. पुढे दोन वर्षं सगळं साग्रसंगीत, त्याच्यात खोट काढायला जागाच नाही. फक्त एकदा ती त्याला एक गमतीची गोष्ट सांगते आणि त्याला त्यातली गंमत कळतच नाही, आणि तिला आठवतं की याच गोष्टीवर ती आणि गिल्बर्ट किती हसले होते. बस्स. ना भांडण, ना फसवणूक. पण वाचताना तिथे पोटात काहीतरी हलतं. तेव्हा मला रॉयचा नुसता राग यायचा, हा मध्ये कडमडलाच कशाला म्हणून. मागच्या वर्षी परत वाचलं तेव्हा वाटलं की तो नसता तर अ‍ॅनला कधी कळलंच नसतं की मनात रंगवलेला माणूस समोर आला, हो म्हणायची वेळ आली, तरी तोंडातून 'नाही'च येऊ शकतं. उशीर व्हायला कारण तोच आणि उलगडा व्हायलाही तोच.

*

'द ऑफिस'ची अमेरिकन मालिका, तिसऱ्या सिझनचा शेवट, 2007 (हेही शेवट फोडणंच आहे). जिम आणि त्याची तेव्हाची गर्लफ्रेंड कॅरन दोघं मिळून न्यूयॉर्कला इंटरव्ह्यूला जातात आणि जिम परत येऊन पॅमला, जिच्यावर त्याचं आधीपासून प्रेम असतं तिला, डिनरला विचारतो. तो दार उघडून आत आला तेव्हा मी सोफ्यावरून उडी मारली होती. शेजारी माझी बहीण बसलेली, ती शांतपणे म्हणाली, "आणि कॅरन घरी कशी आली?" तेव्हापासून तो सीन मला पहिल्यासारखा बघताच येत नाही.

*

मी चार वर्षं फॅनफिक लिहितेय, म्हणजे आवडत्या पुस्तकांतल्या-मालिकांतल्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या कथा, त्यामुळे थोडं मोठं होणारे. स्लो-बर्नमध्ये खरी मारामारी असते ती उशिराच्या कारणाची. दोघं एकमेकांना आवडतात, मग बोलत का नाहीत? गैरसमज एकदा चालतो, दुसऱ्यांदा वाचक वैतागतो. तिसरा माणूस आणला की वेळ मिळतो, नायकाला जळताना दाखवता येतं, आणि मुख्य म्हणजे नायिकेला कुणाबरोबर तरी मोकळं होताना दाखवता येतं. पण तो फार वाईट केला तर नायिका मूर्ख दिसते आणि फार चांगला केला तर वाचक त्याच्याच बाजूला जातात. कोरियन मालिका बघणाऱ्यांकडे याला नावच आहे, सेकंड लीड सिंड्रोम.

माझी चूक सांगते. माझ्या कथेत तो इतका गोड झाला की मला काढताच येईना. मग अठराव्या प्रकरणात मी त्याला एकदम संशयी केला, फोन तपासायला लावला, ओरडायला लावला. सतरा प्रकरणं जो तिच्या परीक्षेच्या आदल्या रात्री जागून तिच्या नोट्स वाचून दाखवत होता तो! एका वाचकाने खाली एवढंच लिहिलं, "हा तो नव्हेच." मी दिवसभर ते वाक्य घेऊन फिरले कारण खरंच होतं ते, मला त्याला सोडून जायचं दुःख लिहायचं नव्हतं म्हणून मी त्याला खलनायक केला होता.

ते प्रकरण काढलं आणि परत लिहिलं. आता तो चहाचे दोन कप विसळतोय, ती दाराशी उभी आहे, आणि तो मागे न बघता विचारतो, "आज दिवसभरात तू त्याचं नाव किती वेळा घेतलंस, माहितीये?" ती मोजायला लागते आणि मध्येच थांबते. तो एक कप पुसून फळीवर ठेवतो, दुसरा तिच्या हातात देतो, कारण तो तिचा होता, तिने आणलेला. लिहिताना मी रडले. आणि गंमत म्हणजे त्यानंतर मुख्य जोडीचं प्रेमही जास्त खरं वाटायला लागलं, कारण आता त्याला किंमत मोजावी लागली होती.

*

मला हा प्रकार मुळातच आवडत नाही, स्पष्ट सांगतो. मूळ जोडीत दम नसला की तिसरा आणतात. फॅनफिकमध्ये निदान टॅग तरी असतात, वर लिहिलेलं असतं की मधलं नातं कुठलं आणि एंडगेम, म्हणजे शेवटी एकत्र येणारी जोडी, कोण, म्हणजे मी मनाची तयारी करून वाचतो. छापील पुस्तकात ती सोय नाही. दोघंच पुरेत की! त्यांची भीती, त्यांचं काम, त्यांचा जुना राग, यातून उशीर होऊ दे. तसं लिहिणं अवघड आहे, पण जमलं की त्याला तोड नाही. वरचा कपांचा सीन मात्र भिडला, खोटं कशाला बोलू.

*

कुणी 'जेन एअर'मधल्या ब्लांश इंग्रमबद्दल का बोलत नाही? 1847ची कादंबरी. मान्य, ब्लांश गर्विष्ठ आहे, जेनसारख्या गव्हर्नेसना, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बायकांना, वाट्टेल ते बोलते, आणि नायक रॉचेस्टरचा पैसा वाटतो तेवढा नाही अशी हूल उठताच थंड पडते. पण ती हूल त्यानेच उठवलेली असते, आणि तिच्यामागे लागायचं नाटकही केवळ जेनला जळवायला. लेखिकेने ब्लांशला नावडती केलीये म्हणून आपण त्याला माफ करून टाकतो. ती प्रेमळ असती तर? मी हा प्रश्न आमच्या वाचनगटात विचारला आणि पाऊण तास वाद झाला. माझ्या मते मधल्या माणसाशी नायक कसा वागतो तिथेच तो नायक व्हायच्या लायकीचा आहे की नाही ते कळतं.

*

वाचत होतो, लिहू की नको चाललं होतं. 'स्लीपलेस इन सिॲटल' 1993चा, शेवट फोडतोय. अ‍ॅनी साखरपुड्याची अंगठी परत करते तेव्हा तिचा होणारा नवरा वॉल्टर चिडत नाही. कुणी आपल्यावर भागवून घ्यावं असं त्याला नकोय, एवढंच तो सांगतो. बऱ्याच जणांना तो सीन पटत नाही, इतकं समजूतदार कुणी असतं का म्हणतात. मी होतो. माझ्या मैत्रिणीने तीन तास बोलून सगळं सांगितलं, तिच्या जुन्या मित्राबद्दल, आणि मला ते तिच्याआधी कळलेलं होतं, कारण त्याचा मेसेज आला की ती फोन उलटा ठेवायची नाही, हातात घेऊन थोडा वेळ तशीच बसायची. मी तिला रिक्षात बसवून दिलं. समजूतदारपणा वगैरे त्या क्षणी काही नव्हतं, पाय जड झाले होते आणि बोलायला शब्द नव्हते एवढंच. सिनेमात त्यानंतर कॅमेरा तिच्याबरोबर जातो. मला नेहमी वाटतं अजून दोन मिनिटं तिथेच थांबायला हवा होता, त्या टेबलापाशी.