ट्रक टर्मिनलवर एचआयव्ही तपासणी: निगेटिव्ह म्हणजे सुटलो का?

सातपूरकर: नाशिकच्या आडगावला चालक-क्लीनरसाठी शिबिर घ्यायचंय. रिपोर्ट निगेटिव्ह आला की काम संपलं का? आणि कालच कंडोम फाटलेला कुणी आला तर?

लॅबवाला: संपलं नाही. किट ज्यांच्यावरून संसर्ग ओळखतं ती प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सुरुवातीचे काही आठवडे सापडत नाहीत. धोका ताजा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. एका किटवर कुणालाही पॉझिटिव्ह सांगू नका. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) तीन वेगवेगळ्या किटनी खात्री करतात, फुकट. संमती आधी घ्या, 2017 चा कायदाच आहे.

समुपदेशक: कालचा असेल तर शिबिरात बसवून ठेवू नका, थेट सिव्हिलला. पेप, म्हणजे धोक्यानंतर संसर्ग टाळायला घ्यायची औषधं, 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं. मग 28 दिवस रोज एक गोळी: टेनोफोविर 300, लॅमिवुडिन 300, डोल्युटेग्राविर 50 मिग्रॅ. घोळ इथे होतो: खेप लागली की डोस सुटतो. पूर्ण कोर्स बरोबर मागा. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली ॲसिडिटीची गोळी (चालकांच्या खिशात असतेच!) सोबत घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही, पेपची गोळी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर.

गोदाकाठ: फक्त चालक धरू नका. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के, सुईने नशा करणाऱ्यांत 9 च्या आसपास. आणि शिबिर रात्री आठनंतर ठेवा, दुपारी गाड्या रस्त्यावर असतात.