मदत हवी आहे: ०.३ मिमी पत्र्याच्या व्हॅक्यूम चेंबरला फासळ्या जोडायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

कुंडईला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. औषध कंपन्यांच्या एसएस टाक्या आणि पाइपिंग हे रोजचं काम. आता एका संशोधन गटासाठी कणत्वरकाच्या (पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरच्या) व्हॅक्यूम चेंबरचा, म्हणजे कण ज्यातून धावतात त्या निर्वात नळीचा, नमुना करायला घेतलाय. अर्धा मीटर लांब, छेद लंबगोल १२० बाय ६० मिमी, पत्रा ३१६एलएन (नायट्रोजनवालं स्टेनलेस), भिंत फक्त ०.३ मिमी. गोव्यात असलं काम व्हावं असं मनापासून वाटतं, म्हणून इथे सविस्तर विचारतोय.

इतका पातळ पत्रा कशाला, तर सिन्क्रोट्रॉनमध्ये (कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या कणत्वरकात) कणांचा वेग वाढतो तसं चुंबकक्षेत्र झपाट्याने चढवावं लागतं. बदलत्या क्षेत्रामुळे धातूच्या भिंतीत एडी करंट (भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह) फिरतात, ते क्षेत्र बिघडवतात आणि भिंत तापवतात. ही उष्णता जाडीच्या प्रमाणात वाढते आणि क्षेत्र चढण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. जर्मनीत डार्मस्टाटला फेअर प्रकल्पाच्या एसआयएस१०० या सिन्क्रोट्रॉनची रचना क्षेत्र सेकंदाला ४ टेस्लाने चढवण्यासाठी आहे. तिथलेही चेंबर ०.३ मिमीचेच, बाहेरून फासळ्या आणि थंड करायला हीलियमच्या नळ्या. जपानच्या जे-पार्क या कणत्वरक केंद्रामध्ये अ‍ॅल्युमिना सिरॅमिकचे चेंबर आहेत, पण तो आमचा प्रांत नाही.

ताकदीचा हिशेब मांडला. १०० मिमी व्यासाची लांब गोल नळी १ मिमी पत्र्याची असेल तर वातावरणाच्या चौपट दाबापर्यंत टिकते. ०.३ मिमीची तीच नळी वातावरणाच्या नवव्या हिश्श्यालाच चेपते, कारण इथे जाडीचा घन लागतो. लंबगोलात तर वाकण्याचा ताण येतो. फासळ्यांशिवाय तो ४,५०० मेगापास्कलच्या घरात जातो, आणि ३१६एलएनची किमान यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकतो) आहे २०५! दर १५ मिमीवर ३ मिमी जाड, ८ मिमी उंच फासळी धरली की फासळीतला ताण ३०-३५ वर येतो. एडी करंट मुख्यतः चेंबरच्या लांबीच्या दिशेने वाहतात, त्यामुळे सुट्या फासळ्यांनी उष्णता फारशी वाढत नाही. म्हणजे कागदावर सगळं जमतंय.

अडतंय ते जोडकामात. आर्गन वेल्डिंगचा करंट अगदी कमी ठेवून, आतून पर्जिंग करून (हवा घालवून आर्गन भरून), फासळ्यांना टॅक (वेल्डचे छोटे टिपके) मारले. तरी दोन फासळ्यांच्या मधला पत्रा आत ओढला जातो. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लाट लागते. व्हॅक्यूम खेचल्यावर चेपायची सुरुवात तिथूनच होणार.

दुसरी अडचण चुंबकत्वाची. सापेक्ष पारगम्यता (धातू किती चुंबकीय आहे त्याचं माप, निर्वातात १) १.०१ च्या आत हवी अशी अट आहे. दोऱ्याला बारीक निओडायमियम मॅग्नेट बांधून पत्र्याजवळ नेला, तर सपाट भागावर तो सरळ लटकतो आणि लांबीच्या वेल्डच्या शिवणीपाशी तिरका होतो. तिथे फिलर (जोडात वितळवून भरायचा धातू) ३१६एल वापरला होता.

तर विचारायचं आहे ते असं. फासळ्यांना लेझर वेल्डिंग बरं की भट्टीतलं व्हॅक्यूम ब्रेझिंग (पत्रा न वितळवता फक्त फिलर वितळवून जोडणं)? ब्रेझिंग असेल तर फिलर कुठला? आणि शिवणीतला फेराइट (वेल्डमध्ये तयार होणारं पोलादाचं चुंबकीय रूप) कसा टाळायचा? चवथीआधी नमुना द्यायचाय. ज्यांनी स्वतः हाताने असं काम केलंय त्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद:

दादा, मी पुण्यात व्हॅक्यूम ब्रेझिंगच करतो. एवढ्या पातळ पत्र्याला मी भट्टीच सुचवीन, सगळा नमुना एकसारखा तापतो आणि एकसारखा निवतो. बोरॉनवाला निकेल फिलर मात्र नको, तो ०.३ चा पत्रा खातो. ७२ टक्के चांदी, २८ टक्के तांबं घ्या, ७८० अंशांना वितळतं. स्टेनलेसवर ते नीट पसरत नाही, म्हणून जोडाच्या जागी आधी निकेल प्लेटिंग करा, पण पातळच, कारण निकेल स्वतः चुंबकीय आहे. दुकानातली नेहमीची चांदीची रॉड चुकूनही नको, तिच्यात जस्त किंवा कॅडमियम असतं आणि ते व्हॅक्यूममध्ये उडत राहतं.

शिवण लेझरने, फिलरशिवाय करून बघा. फिलर लागलाच तर ३१६एलएमएन (मँगनीज जास्त असलेला), त्यात फेराइट जवळपास नसतो. आणखी एक वाट आहे. चीनच्या हायॅफ या कणत्वरक प्रकल्पात ०.३ मिमी भिंतीला आतून सिरॅमिकच्या कड्यांचा आधार देण्याचं काम झालंय. तसं केलं तर फासळ्या जोडायचा प्रश्नच येत नाही.

धागाकर्ता:

खूप आभार! कड्यांचा विचार केला नव्हता, पण आतली जागा कमी होईल, ते गटाला विचारावं लागेल. तोवर तीन फासळ्यांचा छोटा तुकडा ब्रेझिंगला पाठवतो. एवढंच सांगा, भट्टीत फासळी आणि पत्रा यांच्यात फट किती ठेवू, आणि लंबगोल आकार धरून ठेवायला आतला ठोकळा ग्रॅफाइटचा चालेल का?