मदत हवी आहे: करंजाखालचा माशीमार रेड-ब्रेस्टेड की टायगा? आणि तो वाटसरू की मुक्कामाला आलेला?

नमस्कार मंडळी,

शहरातल्या एका मध्यम आकाराच्या बागेत मी रोज सकाळी पक्षी बघते. दुसरंच वर्ष आहे, त्यामुळे चुकत असेन तर सरळ सांगा. यंदा सप्टेंबरात राखी धोबी आला. ऑक्टोबर लागला तसं शेंड्यांवरून हिरव्या वटवट्यांचं ‘चिविट, चिविट’ सुरू झालं. (आवाज दिवसभर, पण पक्षी दिसायला मान अवघडेपर्यंत वर बघावं लागतं. त्यांच्याबद्दल नंतर वेगळं विचारेन.)

आत्ताचा प्रश्न एका माशीमाराचा आहे. १२ ऑक्टोबरपासून तो बागेच्या मागच्या कुंपणाशी, करंजाच्या खालच्या फांदीवर दिसतोय. चिमणीहून लहान, पाठ मातकट, पोट मळकट पांढरं, गळ्यावर लाल अजिबात नाही. बसला की पंख जरा खाली सोडतो, शेपटी झटकन वर करतो आणि तेव्हा शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसतात. मध्येच जमिनीवर उतरून पाल्यातून काहीतरी टिपतो आणि पुन्हा त्याच फांदीवर. आवाज ‘ट्रर्रर्र’, चावी फिरवल्यासारखा. पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपने एक दिवस रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर (लाल छातीचा माशीमार) सांगितलं, दुसऱ्या दिवशी त्याच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, टायगा फ्लायकॅचर.

एक खूण मात्र माझी मी पकडली आहे. डावीकडचा पांढरा पट्टा उजवीपेक्षा अरुंद आहे, तिथलं एक पीस नाही. त्यामुळे गेले अकरा दिवस मी एकच पक्षी बघतेय असं वाटतं. हे म्हणणं बरोबर आहे का? आणि इतके दिवस राहिला म्हणजे तो हिवाळाभर इथेच राहणार, की पोट भरून पुढे जाणार?

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त बोचणारं. रविवारी चार-पाच जण कॅमेरे घेऊन आले आणि मोबाइलवर त्याचाच आवाज लावून ठेवला. वीस मिनिटं तो बिचारा या फांदीवरून त्या फांदीवर ओरडत फिरत होता, एकदाही जमिनीवर उतरला नाही. मला राग आला, पण काय बोलावं ते सुचलं नाही. अशा वेळी तुम्ही काय सांगता?

प्रतिसाद

ताई, वर्णन छान केलंय. शेपटीचा पांढरा रंग दोघांनाही असतो, त्यावर जाऊ नका. दोन गोष्टी बघा. पहिली चोच: खालची चोच बुडाशी फिकट असेल तर रेड-ब्रेस्टेड, सगळी काळी असेल तर टायगा. दुसरी, शेपटीच्या बुडाला वरून झाकणारी पिसं: टायगात ती शेपटीपेक्षाही काळीकुट्ट असतात. लाल गळा नसण्यावरून काहीच ठरत नाही. मादी आणि पहिल्या हिवाळ्यातले नर, दोन्ही जातींत असेच दिसतात. आवाज रेकॉर्ड करून ठेवा. टायगाची ट्रर्रर्र जास्त जलद आणि कोरडी असते, रेड-ब्रेस्टेडची जरा सुटी सुटी ऐकू येते.

एकच पक्षी आहे हे पायात अभ्यासकांनी घातलेली ओळखीची कडी असल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण तुमची खूण चांगली आहे. फक्त घाई करा. पीस मुळापासून गळलं असेल तर काही आठवड्यांत नवीन येतं आणि खूण जाते. तुटलं असेल तर पुढच्या पीसझडीपर्यंत तसंच राहील. म्हणून आजच चित्र काढून तारीख घाला.

वाटेवरचे पक्षी सहसा काही दिवस खाऊनपिऊन रात्री पुढे निघतात. हे माशीमार हिवाळ्यात एकेकटे राहतात आणि आपली जागा राखतात. एकच फांदी, एकच तुकडा, अकरा दिवस, यावरून मला तो मुक्कामी वाटतो. डिसेंबरच्या मध्यावर तिथेच असला तर शंका उरणार नाही.

आता कॅमेरेवाल्यांचं. पक्षी ओरडत फिरतो कारण त्याला वाटतं, आपल्या जागेत दुसरा घुसलाय. जेमतेम १० ग्रॅमचा जीव, त्याची खाण्याची वीस मिनिटं गेली. हे शांतपणे सांगा आणि लगेच त्याची फांदी दाखवा. दहा पावलांवर खाली बसून राहिलं तर तो आपणहून परत येतो आणि फोटोही जास्त चांगला मिळतो. मी असंच करतो, बहुतेक जण ऐकतात.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून धन्यवाद. आज सातच्या उन्हात तो बाजूने बसला होता. खालची चोच बुडाशी स्पष्ट फिकट, आणि शेपटीच्या बुडावरची पिसं शेपटीपेक्षा काळी नाहीत. म्हणजे रेड-ब्रेस्टेडच ना? चित्र काढलंय, डावीकडची फट अजून आहे. माळीदादांशीही बोलले. करंजाखालचा पाला झाडू नका, पाहुणा त्यातच खातो, असं सांगितल्यावर ते स्वतः येऊन त्याला बघून गेले. ‘ट्रर्रर्र’चं रेकॉर्डिंग उद्या टाकते, ऐकून सांगा.