लातुरात घरं रिकामी पडलीत म्हणे!

वरचामजला:
काल एका महाशयांनी लिहिलं, "लहान शहरात भाड्याचं घर मिळत नाही ही रडारड म्हणजे पुण्या-मुंबईची नक्कल. फ्लॅट रिकामे पडलेत, लोकांचेच नखरे फार. आणि भाड्याला सरकारी मदत मागणं हा निव्वळ फुकटेपणा." वर लाइकचा पाऊस. दुर्लक्ष करणार होतो, जमलं नाही.

रिकामे आहेत, कबूल. पण कोणासाठी? औसा रोडला किंवा ट्यूशन एरियाच्या आसपास दोन खोल्या विचारा. पहिला प्रश्न येतो, "फॅमिली की स्टुडंट?" फॅमिली म्हटलं की मालकाचा उत्साह मावळतो. त्याच दोन खोल्यांत सहा कॉट बसतात आणि भाडं कॉटवर असतं. घरात कमावणारा मी एकटा, सहा पोरांच्या सहा बापांपुढे माझा काय टिकाव लागणार? पोरांवर राग नाही. लातूर पॅटर्नच्या क्लासेसनी हे शहर जगवलंय. पण नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) निकालाचे फ्लेक्स लावताना क्लासमध्ये झाडू मारणारी बाई, मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा, कंत्राटी नर्स हे सगळे राहतात कुठे, याची चौकशी कुणी करत नाही.

आता फुकटेपणाचं. पगारदाराला घरभाडे भत्त्यावर करसवलत आहे. ज्याला भत्ता नाही त्याला प्राप्तिकरात महिन्याला फार तर 5,000 रुपयांची वजावट आहे. दोन्ही जुन्या करप्रणालीत. म्हणजे कर भरण्याइतकं कमावणाऱ्याने घेतली तर ती सवलत, त्याखालच्याने मागितली तर भीक. आणि माझ्यासारख्याला तीही मिळत नाही, कारण मालक करार करत नाही, पावती देत नाही, पॅन मागितला की "दुसरं घर बघा" म्हणतो. मदत कुठलीही असो, ती कागद मागते. कागद द्यायचा की नाही ते मालक ठरवतो. आधी प्रत्येक भाडेकरार नोंदवून घ्या, मग मदतीवर वाद घालू.

निवृत्तगुरुजी:
मालक म्हणजे राक्षस असं ठरवूनच लिहिलंय, तर एका राक्षसाचंही ऐका. फंडाच्या पैशातून वर तीन खोल्या काढल्या. सुरुवातीला कुटुंबालाच दिल्या होत्या. काही महिने सगळं सुरळीत, मग भाडं बंद. मागायला गेलो की बाई म्हणायच्या, "काका, आम्ही कुठं पळून चाललोय का?" पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. शेवटी टेम्पोचं भाडं मी भरलं तेव्हा त्यांचं सामान हललं! विद्यार्थ्याचा बाप जूनमध्ये वर्षाचे पैसे मोजतो, मे महिन्यात नीट झाली की पोरगं गावी जातं. तुम्ही माझ्या जागी असता तर कुणाला दिली असती? मुंबईत 1940 सालच्या पातळीवर भाडी गोठवली, पागडीवाल्या मालकांना इमारतीला रंग देणं परवडेना. ते बघून आम्ही शहाणे झालो.

कलमदान:
गुरुजी, भाडी गोठवणारा 1947 चा कायदा जाऊन पाव शतक झालं. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा वाचा. लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या कराराची) मुदत संपूनही माणूस हलत नसेल तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं. कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, ते खोटं ठरवायचं काम तुमचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चालत नाही. बॉण्डवर नोटरीचा शिक्का मारून सुटका नाही.

खर्चाचं म्हणाल तर 7,000 भाडं, 20,000 डिपॉझिट, अकरा महिने धरा. मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने दोनशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी हजार. ज्या कागदाला घाबरलात त्यानेच तुमचं टेम्पोभाडं वाचवलं असतं.

निवृत्तगुरुजी:
कलमं पाठ आहेत, छान. करार नोंदवला की भाडं कागदावर येतं, कागदावर आलं की घरपट्टी वाढायची भीती आणि प्राप्तिकराचा हिशेब. तो तुम्ही भरणार का?

कलमदान:
म्हणजे अडचण कायद्याची नाही, कराची आहे. हे आधीच सांगितलं असतंत तर माझं टायपिंग वाचलं असतं. भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तीही विचारात घ्या.

उधारीचंखातं:
मदतीवर बोलताय म्हणून लिहिते. मी स्वाधारवाली. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जेवण, राहणं, इतर खर्च मिळून शहराप्रमाणे वर्षाला 60 हजारांपर्यंत, अशी ती योजना. ऐकायला झकास. माझ्या खात्यात पहिला हप्ता आला तेव्हा मी ती खोली सोडून गेले होते. मधल्या काळात मेसवाल्या मावशींनी उधारीवर जेवू घातलं, म्हणून शिक्षण झालं. आणि मालकाने अर्जासाठी सही द्यायला स्पष्ट नकार दिला, "उद्या कुठं अडकवशील" म्हणून.

स्पष्टवक्ता:
घ्या, आली जात. ठरावीक लोकांना वर्षाला पन्नास हजार, बाकीच्यांच्या पोरांनी काय स्टँडवर झोपायचं?

उधारीचंखातं:
पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना शोधा. इतर मागासवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आपल्या पोराचा अर्ज भरायचा नाही आणि दुसऱ्याच्या हप्त्यावर डोळा. बाकी स्टँडवर झोपायचं म्हणत असाल, तर फोनवर आडनाव सांगितल्यावर "खोली आत्ताच गेली बघा" हे तुम्ही कधी ऐकलंय का? आम्ही आईचं माहेरचं आडनाव सांगून बघितलं. खोली परत आली.

स्पष्टवक्ता:
सगळेच मालक तसे नसतात.

उधारीचंखातं:
सगळे म्हटलं कुणी?

आकडेमोड:
भांडणं चालू द्या. पण रोख मदत दिली आणि कॉट तेवढेच राहिले तर पैसा फिरून मालकाच्याच खिशात जाणार. घरं वाढली पाहिजेत. प्रधानमंत्री आवास शहरी 2.0 मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहेच, पाठपुरावा तिथे करा.

वरचामजला:
आणि ती घरं उभी राहीपर्यंत मी तुमच्याकडे येऊ का?

गच्चीवाली:
सगळे भाड्यावर घसरलेत, लाइट बिलावर कुणीच बोलत नाही! भाडं परवडतं हो, सबमीटर मारतो. आमचा मालक सरसकट युनिटला बारा रुपये घेतो. महावितरणचं बिल दाखवा म्हटलं की "विश्वास नाही का?" नाही! सबमीटर जिन्याखाली, त्याच्या कुलपात. मी गावी गेले तरी काटा पळत होता.

निवृत्तगुरुजी:
बारा काही जास्त नाही. बोअरची मोटर, जिन्याचा दिवा, टाकी भरणं याचे पैसे कोण देतं?

गच्चीवाली:
मोटर तुमच्या बागेलाही पाणी देते, काका.

निवृत्तगुरुजी:
माझी बाग कुठून आली मध्येच? ज्या मालकाशी भांडण आहे त्याच्याशी भांडा. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा खिशातून टँकर घातलेत मी पोरांना.

आकडेमोड:
हिशेब करू. समजा तीन खोल्या, प्रत्येकी 90 युनिट. तीन मीटर असते तर तिघंही शंभरच्या आतल्या स्वस्त टप्प्यात. एका मीटरवर होतात 270, त्यातले 170 पुढच्या महागड्या टप्प्यात. मालकाचे स्वतःचे शंभर-दीडशे धरले की एकूण आकडा तीनशेच्या वर, तिथला दर आणखी चढा. म्हणजे बारा लावणारा मालक लुटतच असेल असं नाही. पण एकच मीटर ठेवून त्यानेच सगळ्यांना वरच्या टप्प्यात ढकललंय, आणि त्याचा भार भाडेकरू उचलतोय.

वरचामजला:
धागा घरभाड्याचा आहे हो...

गच्चीवाली:
बिल भाड्यातच धरा. माझ्या पगारातून दोन्ही एकाच तारखेला जातात.

कलमदान:
वीज कायदा 2003, कलम 43. मालक किंवा जागेत राहणारा, कुणीही जोडणी मागू शकतो. आता राहणारा आहात हे दाखवायला काय लागतं, ओळखा बघू.

वरचामजला:
नोंदवलेला करार. म्हणजे आलात ना माझ्याच मुद्द्यावर!

निवृत्तगुरुजी:
मीटर भाडेकरूच्या नावावर गेलं की आधार त्या पत्त्यावर, मग रेशन कार्ड, मग आम्ही आमच्याच घरात पाहुणे. मी जन्मात देणार नाही.

कलमदान:
मीटरने मालकी मिळत नाही, गुरुजी. तसं असतं तर निम्मं शहर महावितरणचं झालं असतं.

निवृत्तगुरुजी:
हसा. बरं, एवढा तमाशा चाललाय तर या जूनमध्ये एक खोली करार करून कुटुंबाला देतो, नोंदणी फी निम्मी-निम्मी. सहीही देतो अर्जावर. वेगळं मीटर बसवू, पण माझ्या नावावर.

गच्चीवाली:
आणि मीटरचं डिपॉझिट?

निवृत्तगुरुजी:
ते वापरणाऱ्याने भरायचं.

वरचामजला:
मीटर तुमच्या नावावर, डिपॉझिट माझं?

निवृत्तगुरुजी:
तुम्हाला देतोय असं कधी म्हणालो?