‘प्रोव्होक’ या इंग्रजी क्रियापदासाठी उर्दूत कोणता शब्द योजावा?

प्रश्न : मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘प्रोव्होक’ या क्रियापदाला कोशात ‘इश्तिआल दिलाना’ असा प्रतिशब्द मिळाला आणि तोच मी वर्गात सांगितला. नंतर एका विद्यार्थिनीने, एका भाषणाने आपल्याला विचार करायला लावले, एवढेच सांगणारे इंग्रजी वाक्य या शब्दाच्या आधारे उर्दूत आणले, तेव्हा ते भाषण दंगल पेटवणारे असावे असा अर्थ निघाला. सर्व ठिकाणी चालेल असा एकच उर्दू शब्द आहे का?

उत्तर : असा एकच शब्द नाही. मात्र विद्यार्थिनीची चूक अगदी स्वाभाविक आहे, कारण दोन्ही भाषांतील शब्दांच्या मुळाशी असलेली चित्रेच वेगळी आहेत. ‘प्रोव्होक’ हा लॅटिन ‘प्रोव्होकारे’वरून आला आहे. ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणे आणि ‘प्रो’ म्हणजे पुढे. म्हणून मूळ अर्थ ‘हाक मारून बाहेर बोलावणे’ असा होतो. प्राचीन रोममध्ये दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध नागरिकाने लोकांकडे दाद मागण्याच्या हक्कालाही याच धातूवरून ‘प्रोव्होकातिओ’ म्हणत. हाकेला उत्तर म्हणून काय बाहेर येईल ते या शब्दात ठरलेले नाही. राग येईल, हसू येईल, विचार येईल किंवा आक्षेपही येईल. इंग्रजीत एकच क्रियापद या सगळ्यांना पुरते, ते यामुळेच.

उर्दूतील नेहमीचे शब्द मात्र आगीच्या घरातले आहेत. ‘इश्तिआल’ म्हणजे भडकणे, पेट घेणे. ज्या अरबी धातूपासून तो आला, त्याच धातूपासून ‘शोला’ आणि आपली ‘मशाल’ आली आहे. ‘भडकाना’ तर उघडच ज्वाळेचा शब्द आहे. ‘उकसाना’ हे क्रियापद दिव्याची वात वर सारण्यासाठीही वापरतात, हे मला फार सुंदर वाटते: ज्योत आधीच असते, कोणीतरी तिला बोटाने थोडी वर करतो. त्यामुळे ‘उकसाना’मध्ये समोरच्याला एखादे कृत्य करायला लावण्याचा भाव ठळक आहे आणि तो आपल्या ‘चिथावणे’ला सर्वांत जवळचा आहे. रागाचा किंवा हिंसेचा संदर्भ असेल तेथे हे तिन्ही शब्द शोभतात. हसू, कुतूहल किंवा चिंतन यांच्यासाठी ते वापरले, की वाक्य करपते.

‘इश्तिआल दिलाना’मधील ‘दिलाना’कडेही लक्ष द्यावे. हे ‘देना’चे प्रयोजक रूप आहे आणि उर्दू ते भावनांना सहज जोडते: गुस्सा दिलाना, तैश दिलाना, जोश दिलाना. त्यातील ‘गैरत दिलाना’ हा प्रयोग इंग्रजी क्रियापदाची एक नाजूक छटा नेमकी पकडतो. एखाद्याच्या स्वाभिमानाला डिवचून, ‘तुला काहीच कसे वाटत नाही’ असे सुचवून त्याला कामाला लावणे, असा त्याचा अर्थ आहे. मराठीत मात्र आपण राग ‘आणतो’, चेव ‘आणतो’, स्फुरण ‘चढवतो’. म्हणून मराठी शिक्षकाने ‘दिलाना’चे शब्दशः ‘देणे’ करू नये.

कुत्र्याला डिवचू नका, या साध्या वाक्यात वरचे सारे भारदस्त शब्द हास्यास्पद ठरतील. तेथे ‘छेडना’च हवा. या शब्दाचा विस्तार मराठीलाही ठाऊक आहे: आपण सतारीची तार छेडतो आणि माणसाची छेडही काढतो. उर्दूत ‘बात छेडना’ म्हणजे विषय काढणे, म्हणून वाद ओढवणाऱ्या प्रश्नासाठी ‘बहस छेडना’ हा प्रयोग ‘प्रोव्होक’ला चपखल बसतो.

आता आपल्या विद्यार्थिनीचे वाक्य. त्याची किल्ली ‘अंगेज’ या प्रत्ययासारख्या पदात आहे. फारसी ‘अंगेख्तन’ म्हणजे उठवणे, जागे करणे. त्यापासून ‘हैरतअंगेज’, ‘दर्दअंगेज’, ‘फिक्रअंगेज’ असे शब्द झाले आणि ‘इश्तिआलअंगेज’ही झाला. म्हणजे कोणती भावना जागी झाली ते पहिले पद सांगते आणि जागे करण्याची क्रिया दुसरे पद सांगते. इंग्रजी क्रियापदाचा मोकळेपणा उर्दूत कोठे असेल तर तो या ‘अंगेज’मध्ये आहे, असे माझे मत आहे. तेव्हा ‘वह तकरीर फिक्रअंगेज थी’ किंवा ‘उस तकरीर ने मुझे सोचने पर मजबूर किया’, असे तिने लिहावे. मराठीतही आपण हाच भेद पाळतो: लेख ‘विचारप्रवर्तक’ असतो आणि घोषणा ‘प्रक्षोभक’.

एका वाचकाची शंका : मग न्यायालयीन उर्दूत ‘इश्तिआल’ हाच शब्द का रूढ आहे?

उत्तर : तेथे तो योग्यच आहे, कारण कायद्याला फक्त रागाचीच छटा अभिप्रेत आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 300 च्या पहिल्या अपवादात, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे मनावरचा ताबा सुटून झालेला मनुष्यवध खून ठरत नाही, अशी तरतूद होती. भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून ठार केले होते; मुंबईतील 1959 च्या त्या खटल्यात हाच बचाव मांडला गेला होता. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण घर सोडल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते आणि ताबा परत मिळवायला तेवढा वेळ पुरेसा होता. मराठी ‘प्रक्षोभ’मध्ये खवळलेले पाणी दिसते, उर्दू ‘इश्तिआल’मध्ये ज्वाळा दिसते; पाणी निवळायला किंवा ज्वाळा विझायला किती अवधी मिळाला, हाच त्या निकालातील कळीचा प्रश्न होता.