सल्फोसॉल्ट : क्षार की लवण?

सिन्नरकर : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी खनिजांवर लिहितोय. गारगोटी, झिओलाइट मुलांच्या ओळखीचे; आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ते सापडतात. प्रूस्टाइट या चांदीच्या लाल खनिजापाशी मात्र अडलो. ते सल्फोसॉल्ट वर्गातलं. मी ‘गंधकक्षार’ लिहिलं, तर शाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘क्षार’ नको. का नको?

निफाडची : दादा, आम्ही द्राक्षवाले ‘पाण्याला क्षार फार आहेत’ म्हणतो तेव्हा ठिबकच्या नळ्या चोंदलेल्या असतात. जमीनही क्षारपड होते. पाण्यात विरघळलेलं आणि पाणी आटल्यावर पांढरं उरतं ते क्षार. तुमचं खनिज विरघळतं का पाण्यात?

पंचवटीकर : नाही विरघळत, आणि खारटही नाही. ताईंचा मुद्दा बरोबर आहे. वैद्यांकडेही क्षार वेगळा, लवण वेगळं. यवक्षार जवाच्या राखेतून काढतात. सैंधव हे लवण. आम्ल आणि अल्कली मिळून जे बनतं त्याला लवण म्हणणंच नेमकं.

पण मग चांदीच्या खनिजाला लवण का म्हणायचं? जुन्या रसायनज्ञांची कल्पना अशी, की नेहमीच्या आम्लात जिथे ऑक्सिजन असतो तिथे गंधक घालून एक आम्ल मानायचं आणि हे खनिज त्याचं लवण धरायचं. ते आम्ल कल्पनेतलंच होतं, नाव मात्र टिकलं. आज अर्थ एवढाच : चांदी, तांबं, शिसं यांसारखा धातू, सोबत आर्सेनिक, अँटिमनी किंवा बिस्मथ, आणि गंधक. प्रूस्टाइटमध्ये चांदीचे ३ अणू, आर्सेनिकचा १, गंधकाचे ३. म्हणून माझं मत ‘गंधकलवण’.

सिन्नरकर : मग आर्सेनिकला ‘सोमल’ लिहू?

पंचवटीकर : नको. बाजारात सोमल म्हणजे आर्सेनिकचं ऑक्साइड, ते पांढरं विष. मूलद्रव्याला आर्सेनिकच राहू द्या. सुरम्याचंही तसंच. तो मुळात अँटिमनीचं सल्फाइड, पण त्या नावाने शिशाचं सल्फाइडही विकलं जातं. मुलांसाठी लिहिताना हा घोळ नकोच.

सराफकट्टा : माझा धंदा चांदीचा, म्हणून विचारतो. या खनिजाला इंग्रजीत माणकावरून नाव आहे ना? मग ‘माणिकरुपे’ का नाही? ‘रुपे’ हा चांदीचा जुना शब्द आपण विसरत चाललोय. ‘रुपेरी’ उरलंय, रुपयात उरलंय, पण गिऱ्हाईक ‘रुपं द्या’ म्हणत नाही.

पंचवटीकर : फार सुंदर शब्द! मात्र माणिकरुपे दोन आहेत. प्रूस्टाइट उजळ तांबडं, आर्सेनिकचं. पायरार्जिराइट गडद, अँटिमनीचं. त्याचं नाव ग्रीकमधल्या आग आणि चांदी या शब्दांवरून. प्रूस्टाइटला १८३२ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ प्रूस्ट यांचं नाव दिलं. तेव्हा उजळ माणिकरुपे आणि गडद माणिकरुपे म्हणू या. उजळात वजनाने सुमारे ६५ टक्के चांदी, गडदात ६० च्या आसपास.

ओळखायला सराफांचाच शब्द कामी येतो : कस. तुम्ही सोनं कसोटीवर ओढता, खनिजवाले झिलई नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर खनिज ओढतात. प्रूस्टाइटचा कस हिंगुळासारखा लाल उमटतो, पायरार्जिराइटचा जांभळट लाल. कठिनता १ ते १० च्या मोहस् मापावर २ ते २.५, म्हणजे नखाच्या जवळपास. विशिष्ट गुरुत्व ५.५ च्या वर, त्यामुळे खडा हाताला जड लागतो.

सराफकट्टा : आणि काळं पडतं का? आमची चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते.

पंचवटीकर : याला उजेड पुरतो. पारदर्शक लाल स्फटिक प्रकाशात ठेवला की हळूहळू काळपट होतो, म्हणून संग्राहक तो अंधारात जपतात. चिलीतल्या चान्यार्सियो इथले स्फटिक जगभर नावाजलेले.

निफाडची : आपल्याकडे का नाही सापडत?

पंचवटीकर : ते चांदीच्या शिरांमध्ये, खडकांच्या भेगांतून फिरलेल्या गरम पाण्याने साचलेलं असतं. आपल्या पाषाणातही पाणी खेळलं, पण त्याने पोकळ्या झिओलाइटने भरल्या.

सिन्नरकर : भित्तिपत्रकावर असं लिहितोय : ‘उजळ माणिकरुपे (प्रूस्टाइट). वर्ग : गंधकलवण. कस : हिंगुळी लाल. उन्हात ठेवू नये.’ बाईंना उद्या दाखवतो.